नियमांची हौस, हिशेबाचा कंटाळा

गणपती गेले की पुण्यात सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची असते आणि बहुतेक कमिट्या ती शेवटच्या रविवारी उरकतात. क्लब हाऊस नसेल तिथे पार्किंगमध्ये भाड्याच्या खुर्च्या मांडलेल्या, एक कुरकुरणारा माइक, मागे चहाचा थर्मास. विषयपत्रिका कोथरूडपासून खराडीपर्यंत सारखीच: मागच्या सभेचं इतिवृत्त, ताळेबंद, ऑडिटरचा अहवाल, पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक, ऑडिटरची नेमणूक आणि शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. पहिले पाच विषय चहा निवायच्या आत संपतात. 'हिशेबपत्रके वाचली असे समजून मंजूर' हे वाक्य सेक्रेटरी इतक्या सहज म्हणतात की सूचक-अनुमोदकही सवयीने हात वर करतात. मग ऐनवेळचे विषय येतात आणि सभेत जीव येतो. लिफ्टमधला कुत्रा. चौथ्या मजल्यावरच्या 'त्या' मुली. डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या. बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी. दोन तास कुणी जागचं हलत नाही.

जिथे कायद्याने आपल्याला अधिकार दिलाय, जबाबदारीही दिलीय, तिथे आपल्या सोसायट्या ढिल्या असतात; आणि जिथे अधिकार नाही किंवा जेमतेम आहे, तिथे त्यांच्या अंगात येतं. याला आपण 'पुणेरी स्वभाव' म्हणून हसण्यावारी नेतो. मला त्यामागे स्वभावापेक्षा साधं गणित दिसतं. पैशाचा नियम केला की तो मत देणाऱ्याच्या खिशाला लागतो. वागणुकीचा नियम केला की तो बहुतेक वेळा मत नसलेल्यावर पडतो: भाडेकरूवर, घरकामाला येणाऱ्या मावशींवर, वॉचमनवर, पार्सल घेऊन येणाऱ्या पोरावर. सभेत बसलेल्यांपैकी कुणालाच त्याची झळ नाही. मग तो नियम एकमताने मंजूर होणार नाही तर काय?

सहकारी गृहनिर्माण संस्था ही चीज नेमकी काय आहे, हे आपण विसरून गेलो आहोत. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, आणि त्यानंतर शहर नव्याने वसलं त्यात पूरग्रस्तांच्या गृहसंस्थांचा मोठा वाटा होता. सहकारनगर हे नाव काही उगाच पडलेलं नाही. त्या काळी माणसं आधी एकत्र यायची, संस्था नोंदवायची, जमीन मिळवायची, कर्ज काढायची आणि मग घरं उभी राहायची. शेजारी कोण असणार हे पायाभरणीच्या आधीच ठाऊक असायचं. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेबही सभासदच ठेवायचे, कारण पोती त्यांच्याच पैशाची होती.

आज क्रम उलटा झालाय. बिल्डर जमीन घेतो, इमारत बांधतो, फ्लॅट विकतो, आणि सगळ्यात शेवटी एका संध्याकाळी दोन-तीनशे अनोळखी माणसांना सांगतो की आता तुम्ही सहकारी संस्था आहात, कमिटी निवडा. सहकाराची सही सगळ्यांनी केलेली असते, सहकार केलेला कुणीच नसतो. त्यातले निम्मे आयटीत, काही परदेशात, काहींनी गुंतवणूक म्हणून घेऊन भाड्याने दिलेला. अशा संस्थेचा कारभार कंटाळवाणा वाटला तर नवल नाही. पण कायदा त्यांना 1960 च्या त्याच महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने बांधतो, 2019 मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलंय, आणि त्या प्रकरणातल्या तरतुदी एखाद्या छोट्या नगरपालिकेला शोभाव्यात अशा आहेत. वसुलीचे अधिकार आहेत, निवडणूक आहे, राखीव जागा आहेत, कागदपत्रं पाहण्याचा आणि त्यांच्या नकला मागण्याचा सभासदाचा हक्क आहे.

आता बिल पाहा. मेंटेनन्सचं बिल आपण खालून वाचतो, म्हणजे फक्त एकूण रक्कम. वरून वाचलं तर त्यात एक छोटी करपद्धती दिसते, आणि ती बऱ्यापैकी शहाणपणाने रचलेली आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिस खर्च, हे सगळ्या सदनिकांना समान. लिफ्टचा खर्च समान, अगदी तळमजल्यावाल्यालाही. पाणी नळांच्या संख्येवर. विमा क्षेत्रफळावर. दुरुस्ती आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवत जायचा निधी) बांधकामखर्चावर: दुरुस्ती निधी वर्षाला किमान 0.75 टक्का, सिंकिंग फंड किमान 0.25 टक्का. पंगतीत कुणाच्या पानात काय वाढायचं हे आधीच ठरलेलं आहे. तरी दर दोन वर्षांनी कुणीतरी उठतो आणि म्हणतो, सगळंच चौरस फुटावर लावा. थ्री बीएचकेवाला लगेच म्हणतो, वॉचमन माझ्याकडे काय जास्त वेळ बघतो का? त्याचं बरोबर असतं. मुंबई उच्च न्यायालयानेही सहकारी संस्थांच्या बाबतीत सेवाशुल्क समानच हवं ही बाजू वीसेक वर्षांपूर्वी मान्य केलेली आहे.

गंमत अशी की शेजारच्याच गेटमध्ये हेच उत्तर चूक असू शकतं. कारण तिथे सोसायटी नसून 1970 च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असतं. अपार्टमेंटमध्ये प्रत्येकाचा सामाईक मालमत्तेत अविभक्त हिस्सा घोषणापत्रात टक्क्यांत लिहिलेला असतो आणि खर्च त्या टक्क्यांनी वाटायचा असतो. 2025 मध्ये उच्च न्यायालयाने पुण्यातल्याच एका संकुलाच्या वादात हे पुन्हा स्पष्ट केलं: मोठ्या सदनिकेने जास्त भरायचं. आपण सोसायटीत राहतो की अपार्टमेंटमध्ये, हे ठामपणे सांगू शकणारे पुणेकर किती निघतील? माझा अंदाज फार उत्साहवर्धक नाही.

सिंकिंग फंडावर मात्र थांबायलाच हवं, कारण सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते आणि ती आपणच आपली करतो. समजा एका फ्लॅटचा बांधकामखर्च, जमिनीची किंमत सोडून, 30 लाख धरला. 0.25 टक्का म्हणजे वर्षाला 7,500, महिन्याला 625 रुपये. दुरुस्ती निधी 0.75 टक्का म्हणजे वर्षाला 22,500, महिन्याला 1,875. दोन्ही मिळून महिना अडीच हजार. आता आपल्या बिलातला सिंकिंग फंडाचा आकडा शोधा. पन्नास, शंभर, फार तर दीडशे. हा आकडा आला कुठून? कुठल्याशा पहिल्या सभेत कुणीतरी 'सुरुवातीला शंभर ठेवू' म्हणालं आणि तो शंभर तिथेच गोठला. ऑडिटर दरवर्षी अहवालात शेरा मारतो, कमिटी दोषदुरुस्ती अहवालात 'नोंद घेतली, पुढील वर्षी पूर्तता करू' असं लिहिते, आणि पुढील वर्षीही तेच वाक्य टाइप होतं.

मग बारा-पंधरा वर्षांनी लिफ्ट बदलायची वेळ येते. बाहेरून रंग द्यायचा असतो, गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं, ड्रेनेजच्या लाइन गंजलेल्या असतात. फंडात काहीच नसतं. प्रत्येकी साठ-सत्तर हजारांची एकरकमी वर्गणी निघते आणि निवृत्त जोडपी हवालदिल होतात. ज्याने पहिली दहा वर्षं राहून फ्लॅट विकला तो मोकळा सुटतो. झिजवलं त्याने, भरणार नवा माणूस. महिन्याला थोडं थोडं भरण्यामागचा न्याय तोच तर आहे, जो वापरतो त्याने त्या वर्षाची झीज भरावी. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, हेही उपविधींत आहे. कर्वेनगर, बिबवेवाडी, सहकारनगरमधल्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या इमारतींपैकी किती जणांनी ते केलंय, हे विचारायची सोय नाही. विचारलं की उत्तर तयार: आता रिडेव्हलपमेंटच करायचंय की. म्हणजे चाळीस वर्षं देखभाल केली नाही याचं बक्षीस म्हणून बिल्डर नवी इमारत देणार, अशी आपली समजूत. ज्या गल्लीत रस्त्याची रुंदी कमी म्हणून वाढीव चटईक्षेत्र बसत नाही आणि एकही बिल्डर फिरकत नाही, तिथल्या लोकांनी काय करायचं?

हे सगळं सभेत बोलायचे विषय आहेत. सभेला किती लोक हवेत? कोरम म्हणजे सभासदसंख्येच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतलं जे कमी असेल ते. तीनशे फ्लॅटच्या संकुलात वीस माणसं. तेवढीही जमली नाहीत तर अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा होते आणि तिला कोरम लागत नाही. हे मी कायद्यावर टीका म्हणून सांगत नाही. कायद्याने आपला आळस ओळखूनच ही सोय ठेवली असावी. पण मग 'कमिटीने परस्पर ठरवलं' अशी ओरड व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर कोणत्या तोंडाने करायची?

दुसरीकडे नियमांची नोटीस बघा. 'बॅचलर्सना फ्लॅट भाड्याने देऊ नये.' 'भाडेकरू ठेवण्यापूर्वी सोसायटीची एनओसी बंधनकारक.' 'घरकाम करणाऱ्या महिला, ड्रायव्हर व डिलिव्हरी बॉय यांनी फक्त सर्व्हिस लिफ्टचा वापर करावा.' 'रात्री दहानंतर पाहुण्यांना मज्जाव.' खाली 'आदेशावरून' आणि गोल शिक्का.

यातल्या बहुतेकांना उपविधींत आधार नाही. फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने सोसायटीची परवानगी घ्यायची नसते. आठ दिवस आधी कळवायचं, लीव्ह अँड लायसन्सच्या कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. भाडेकरू ठेवला म्हणून घ्यायचं शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर जाता येत नाही, हे सरकारने 2001 मध्येच ठरवून दिलंय. सेवाशुल्क 2,000 असेल तर वर 200. मेंटेनन्सच्या दुप्पट घेणारी कमिटी तो जादा पैसा हक्काने घेते असं आपल्याला वाटतं, तो हक्क नसतो. तीच गोष्ट फ्लॅट विकतानाच्या हस्तांतरणाची. प्रवेश फी 100, हस्तांतरण फी 500, आणि प्रीमियम जास्तीत जास्त 25,000. त्याच्या वर जे घेतलं जातं त्याला 'स्वेच्छा देणगी' म्हणतात, आणि ती दिल्याशिवाय नाहरकत पत्रावर सही होत नाही, म्हणजे स्वेच्छा कुणाची हे सांगायला नको.

भाडेकरू कोण असतात पुण्यात? हिंजवडीत आणि खराडीत काम करणारी पोरं-पोरी, विदर्भ-मराठवाड्यातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेले, नर्सिंग करणाऱ्या मुली, बदलीवर आलेली कुटुंबं. या शहराचं भाडं, मेस, रिक्षा, कोचिंग सगळं त्यांच्यावर चालतं. सोसायटीच्या सभेत मात्र त्यांचा उल्लेख नेहमी 'प्रॉब्लेम' या शब्दाला लागून येतो. त्यांना मत नाही हे कायद्याने ठीकच आहे, कारण भांडवली खर्च मालकाचा आहे. पण त्यांना बोलूही द्यायचं नाही हे कुठल्या कलमात लिहिलंय? पाण्याची वेळ, कचऱ्याची वेळ, पार्किंग, गेटवरचं ॲप, हे सगळं रोज त्यांच्या अंगावर येतं; सोलापूर किंवा न्यू जर्सीत बसलेल्या मालकाच्या नाही.

आणि लिफ्टचा नियम. जनता वसाहतीतून उतरून सहकारनगरच्या पाच-सहा घरांत पोळ्या लाटणाऱ्या बाईला, आपल्या घरच्या कणकेत हात घालू देतो त्याच बाईला, 'ती' लिफ्ट वापरू नको म्हणून सांगायचं. सामान चढवायला वेगळी लिफ्ट असावी, तिथे फर्निचर जावं, मान्य. माणसाला त्याच्या कामावरून लिफ्ट नेमून देणं ही जुन्या वाड्यातल्या मागच्या दाराची रीत आहे, फक्त आता ती स्टेनलेस स्टीलच्या दारांनी बंद होते. या एका बाबतीत मला दुसरी बाजू दिसत नाही आणि शोधायची इच्छाही नाही.

कुत्र्यांचं प्रकरण वेगळं आहे, तिथे दोन्हीकडे मतदार आहेत आणि म्हणून ते कधीच सुटत नाही. माझ्या सूत्राला याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही. पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, मालकाला घाण साफ करायला सांगण्याचा आहे. एवढ्यावर भागायला हवं.

इथे कुणीतरी सेक्रेटरी नक्की म्हणेल, की लेखकमहाशय, एकदा कमिटीत येऊन बघा. रास्त आहे. कमिटीचं काम बिनपगारी आहे. रात्री अकराला फोन येतो की पाणी गेलंय. लिफ्ट अडकली, टँकरवाला आला नाही, वॉचमन झोपला, सगळं त्याच्या माथी. थकबाकीदार व्हॉट्सॲपवर सगळ्यात मोठ्या आवाजात प्रश्न विचारतो. वर निर्णय चुकून संस्थेचं नुकसान झालं तर वैयक्तिक जबाबदारी. अशा जागेसाठी उभं कोण राहणार? म्हणून बहुतेक ठिकाणी निवडणूक बिनविरोध होते आणि तेच चार-पाच निवृत्त गृहस्थ वर्षानुवर्षं गाडा ओढतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, चेष्टा करायची नाही.

पण त्यांच्याही हातातली हत्यारं बघा, आणि ते कोणती उचलतात ते बघा. थकबाकीवर सरळव्याजाने 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. वसुलीसाठी पूर्वीचं 101 कलम, आताचं 154 ब-29, त्याखाली निबंधकाकडे अर्ज करून वसुलीचा दाखला मिळतो; तो मिळाला की जप्तीपर्यंत जाता येतं. कागदपत्रं लागतात, ठराव लागतो, नोटिसा लागतात, उपनिबंधकांच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. कंटाळवाणं काम आहे. त्याऐवजी कमिटी काय करते? थकबाकीदाराचं पाणी तोडते. नाव नोटीस बोर्डावर लावते. गेटवरच्या ॲपमधून त्याचे पाहुणे अडवते. पाणी तोडायचा अधिकार कायद्याने दिलेला नाही, वसुलीचा दिलेला आहे. जो आहे तो पडून राहतो आणि जो नाही तो वापरला जातो. प्रकरण सहकार न्यायालयात गेलं की कमिटी हरते, आणि वकिलाची फी पुन्हा सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जाते.

(जीएसटीचा उल्लेख राहिला. संस्थेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर आणि मेंटेनन्स महिना 7,500 च्या वर असेल तर 18 टक्के जीएसटी. हा कर पूर्ण बिलावर की फक्त 7,500 च्या वरच्या भागावर, यावरही मद्रास उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. मोठ्या संकुलांत अंदाजपत्रक 7,500 च्या आत बसवण्यासाठी जी कसरत चालते, त्यात पहिला बळी बहुतेक वेळा सिंकिंग फंडाचाच जातो.)

इथवर बोललो ते एका सोसायटीचं. टाउनशिपमध्ये चित्र पालटतं, आणि माझ्या मते तिथेच मध्यमवर्गीय फ्लॅटमालकाला पहिल्यांदा कळतं की मत नसणं म्हणजे काय. मगरपट्ट्याची गोष्ट पुण्याला अभिमान वाटावी अशीच आहे. शेतकऱ्यांनी चारशे एकरांवर जमीन विकून न टाकता एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भागधारक झाले आणि शहर वसवलं. सिंहगड रस्त्याला नांदेड सिटीतही तोच धडा गिरवला गेला. जमीनमालकाला वाऱ्यावर न सोडणारा असा दुसरा प्रयोग देशात शोधावा लागेल. पण यात भागधारक जमीनवाले आहेत. फ्लॅट घेणारा ग्राहक आहे. एकात्मिक टाउनशिपच्या धोरणात किमान 40 हेक्टर जमीन लागते आणि रस्ते, पाणी, सांडपाणी, कचरा हे सगळं विकसकाने उभं करायचं असतं. म्हणजे इमारतीपुरती आपली सोसायटी, तिची कमिटी, तिची सभा. आणि इमारतीच्या पायरीखाली उतरलं की रस्ता, दिवे, बाग, सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी, जलवाहिनी दुसऱ्याच्या ताब्यात.

हा दुसरा कोण, हे कराराच्या साठाव्या-सत्तराव्या पानावर लिहिलेलं असतं. विकसक, किंवा त्याने नेमलेली देखभाल कंपनी, किंवा भविष्यात कधीतरी स्थापन होणारी, सगळ्या सोसायट्यांची मिळून शिखर संस्था. ताबा घेतानाच दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतलेला असतो. तो कुठे खर्च झाला? 1963 चा मोफा, म्हणजे फ्लॅटविक्रीवरचा राज्याचा कायदा, सांगतो की सोसायटीसाठी आणि खर्चासाठी घेतलेले पैसे विकसकाने वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि त्याच कामासाठी वापरावेत. हिशेब मागितला की एक पानाची गोषवारा-यादी येते: सिक्युरिटी इतके, हाउसकीपिंग इतके, 'प्रशासकीय शुल्क' इतके. व्हाउचर मागितलं की 'ऑडिट चालू आहे'. आपण वॉचमनला आणि भाडेकरूला ज्या सुरात 'नियम आहे' म्हणतो, त्याच सुरात क्लब हाऊसच्या काउंटरवरचा मॅनेजर आपल्याला 'पॉलिसी आहे' म्हणतो.

यावरचा इलाज कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची आणि सामाईक सुविधांची मालकी संस्थेच्या नावावर होणं. मोफात संस्था चार महिन्यांत नोंदवायची तरतूद आहे. 2017 पासून महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण) नियमांत निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे; जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून त्याच्या सहीशिवायही मालकी मिळवता येते. तरी अनेक जुन्या इमारतींचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड अजून मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या प्रकल्पांत तर 'शेवटची इमारत' पूर्ण झाल्यावर मालकी देऊ असं लिहिलेलं असतं, आणि शेवटची इमारत क्षितिजासारखी पुढे पुढे सरकते. सभेत कुत्र्यावर दोन तास बोलणाऱ्या संस्थांपैकी किती जणांनी कन्व्हेयन्सवर अर्धा तास दिला?

महापालिकेला यातून सुटका देऊन चालणार नाही. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुण्याच्या हद्दीत आली. तिथे इमारती आधी आल्या, पाणी नंतर येणार होतं. महापालिकेचं पाणी येईपर्यंत आपण पुरवू, असं हमीपत्र विकसक देतो आणि परवानगी मिळते. मग विकसक प्रकल्प संपवून जातो आणि हमीपत्र फाइलमध्ये राहतं. टँकरचं बिल सोसायटी भरते. रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्या संकुलाने त्यातला ओला कचरा आवारातच जिरवायचा, हा 2016 च्या घनकचरा नियमांचा रोख होता, तेही रास्तच. पण मग मिळकतकर कशाचा, हा वाघोली-मांजरीच्या माणसाचा प्रश्न उर्मट नाही. त्यातच मार्च 2022 पासून जानेवारी 2026 पर्यंत महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. जवळपास चार वर्षं पुणेकराला मत देता येण्याजोगी, घरापासून सगळ्यात जवळची संस्था म्हणजे त्याची सोसायटी होती. ते मत त्याने कसं वापरलं, ते वर आलंच आहे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, धायरी, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा टाकीत पडणारं पाणी कुठल्या विहिरीतून, कुठल्या टँकरने येतंय, त्याची तपासणी कधी झाली, हे प्रश्न अचानक सगळे विचारू लागले. त्या आधीच्या वर्षाच्या किती वार्षिक सभांत पाण्याच्या तपासणीचा विषय पत्रिकेवर होता?

मला मोठ्या सुधारणा सुचत नाहीत. कायदा पुरेसा आहे, जरा जास्तच आहे. दोन बारीक गोष्टी मात्र मी आग्रहाने मांडीन. नोटीस बोर्डावर लागणाऱ्या प्रत्येक नोटिशीखाली ती ज्या उपविधीच्या किंवा ठरावाच्या आधारे काढली त्याचा क्रमांक छापावा. क्रमांक नसेल तर ती विनंती समजावी, आदेश नाही. आणि त्याच बोर्डावर दर महिन्याच्या दहा तारखेला मागच्या महिन्याची जमा, खर्च, बँकेतली शिल्लक, सिंकिंग फंडातली रक्कम आणि एकूण थकबाकी एका कागदावर लावावी. भाडेकरूंनाही ती वाचता यावी आणि तीन महिन्यांतून एकदा त्यांना कमिटीसमोर बोलता यावं, मताशिवाय.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की वेळ कुणाला आहे. बिलं आता सॉफ्टवेअरवर निघतात, हिशेबनीस महिन्याकाठी पैसे घेतो, बँकेचं स्टेटमेंट मोबाइलवर येतं. दहा तारखेचा तो कागद काढायला त्याला अर्धा तासही लागत नाही. एनओसीचा फॉर्म टाइप करायला, त्यावर तीन सह्या घ्यायला आणि भाड्याने राहायला आलेल्या मुलीला 'तुमच्याकडे कोण कोण येणार' हे विचारायला त्याहून जास्त वेळ जातो.